चोरकप्प्यातली खोली

मुंगी जन्मली त्या वर्षी ऑफिसं शहराच्या कडेवरून उठून मध्यात जायला लागली. आमच्या खिडकीतून मोठा रस्ता दिसायचा. त्यावरून टेम्पो जायचे आणि टेम्पोत उलट्या करून बांधलेल्या खुर्च्या असायच्या, चाकं वर. आभाळाकडे चाकं करून निघालेल्या त्या खुर्च्या बघताना मला वाटायचं, माणसं आधीच कुठेतरी उडून गेलीत आणि खुर्च्या आता त्यांना शोधायला चालल्यात.

पूर्वी म्हणे सगळं मध्यातच होतं. मग जागा पुरेना, गाड्या लावायला कोपरा मिळेना, म्हणून कंपन्यांनी शहराबाहेर बुटक्या, लांबट इमारती बांधल्या, पुढे हिरवळ लावली आणि मधला भाग ओस पाडून त्या बाहेर आल्या. आता पुन्हा वारं फिरलं होतं. मध्यात काचेचे टॉवर उभे राहिले होते आणि जो तो तिकडे धावत होता. विमा कंपनी गेली. औषधांची कंपनी गेली. आमच्या समोरची एक कंपनी, जिचं नेमकं काम काय ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, तीही गेली.

आमचं बरं चाललं होतं ते याच धावपळीवर. आम्ही नकाशे काढतो. कोणती कंपनी कोणत्या मजल्यावर जाणार, तिथे भिंती कुठे येणार, टेबलं कुठे, पाण्याचं मशीन कुठे, कोणाची पाठ कोणाकडे, हे आधी आमच्या कॉम्प्युटरवर ठरतं आणि मग तिकडे मिस्त्री लोक ते बांधतात. दिवसभर मी दुसऱ्यांच्या खुर्च्या सरकवत बसायचे. आणि दुपार झाली की माऊस सोडून घरी पळायचे.

घर जवळ होतं. फाटकातून बाहेर, रोपवाटिकेच्या कुंपणाला धरून, मोडक्या भिंतीतल्या भगदाडातून आत, की आमची गल्ली. सासूबाई दारातच उभ्या असायच्या, मुंगी त्यांच्या कडेवर. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की तिचा बाबा म्हणाला, "ही तर मुंगी आहे!" आता तिच्या मनगटांना वळ्या पडल्यात, पण नाव तेच राहिलं. मी पाय धुवायचे, खिडकीखालच्या कट्ट्यावर बसायचे, आणि ती प्यायला लागली की सगळ्या शहराचा आवाज कुणीतरी हळूहळू बारीक करत न्यावा तसं व्हायचं. पिताना ती माझा एक अंगठा धरून ठेवायची. प्यायची, झोपायची, मी तिला पाळण्यात ठेवायचे आणि परत भगदाडातून ऑफिसात.

एका सकाळी सरांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. सर म्हणजे आमचे आर्किटेक्ट. ऑफिस त्यांचं, चष्मा नेहमी हरवलेला तोही त्यांचाच.

"आपण लोकांना तिकडे नेऊन बसवतोय आणि आपणच इथे," ते म्हणाले. "बरं दिसत नाही. आपणही जातोय. चौदाव्या मजल्यावर जागा घेतलीय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात वाजत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं: तिथून दुपारी घरी येऊन परत जायचं म्हटलं, तर दुपार पुरायची नाही.

मुंगी बाटलीला तोंड लावत नव्हती. चमचा नको, वाटी नको, बाटली तर नकोच. सासूबाईंनी सगळे प्रयोग केले. गाणं म्हटलं, अंधार केला, माझी ओढणी स्वतःच्या खांद्यावर टाकून मी असल्याचं सोंग केलं. मुंगी ओठ मिटून त्यांच्याकडे बघत राहिली.

"अगं, हिच्या तोंडाला कुलूप आहे," सासूबाई म्हणाल्या, "आणि किल्ली तू कामावर घेऊन जातेस."

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बघ, तुला जमेल तसं कर." हे वाक्य लांबून मदतीसारखं दिसतं. उचलायला गेलं की रिकामं निघतं. मग मी मनाशी ठरवलं, ऑफिस हलेल त्या दिवसापर्यंत काम करायचं आणि मग सोडायचं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होतं, म्हणून.

आता चोरकप्प्याचं सांगायला हवं.

कॉम्प्युटरवरचा नकाशा एकाच कागदावर नसतो. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसा असतो. एका लेअरवर भिंती, एकावर दिवे, एकावर नळ. हवी ती लेअर लावायची, नको ती मिटायची. आमच्या ऑफिसात फार जुनी एक सवय होती, कोणी सुरू केली देव जाणे. प्रत्येकाची स्वतःची एक लेअर असायची. तिला आम्ही चोरकप्पा म्हणायचो. कोटाच्या आत असतो ना, तसा. कामाचा कंटाळा आला की माणूस आपला चोरकप्पा उघडायचा आणि तिथे मनातलं काहीतरी काढत बसायचा. काम बदललं, दुसरा नकाशा हातात आला, की कप्पा उचलून त्यात नेऊन ठेवायचा, डबा नेल्यासारखा. माझ्या शेजारी टाचणी बसते. बारीक, सरळ आणि टोकदार, म्हणून टाचणी. तिच्या कप्प्यात एक तळं आहे, कमळांसकट. एकेक पाकळी मोजमापाने. विमा कंपनीच्या नकाशाखाली ते तळं महिनाभर निवांत पडून होतं, बरोबर मॅनेजरच्या केबिनच्या खाली.

सरांना हे ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं ते करायचे. फक्त छापायच्या आधी एक पद्धत होती. छापण्याचं काम टाचणीकडे. बटण दाबण्याआधी ती उभी राहून ओरडायची, "चोरकप्पे मिटा!" की सगळे आपापला कप्पा मिटायचे आणि मगच मशीन सुरू व्हायचं.

माझ्या कप्प्यात मुंगीची खोली होती. ती पोटात असताना काढलेली. आमच्या हॉलचाच एक तुकडा पार्टिशन घालून वेगळा करायचा होता, तर मी तो आधी नीट काढला. खिडकी, खिडकीखाली बसायचा कट्टा, कट्ट्याशेजारी दिव्याचा कोनाडा. दार डाव्या हाताला उघडणारं, कारण उजवीकडे कपाट. आणि मधोमध एक छोटं वर्तुळ, त्यात फुली. पाळण्याचा हूक. घरी ती खोली कधीच बांधून झाली, तरी मी कप्प्यातून ती काढली नव्हती. काम करताना खाली कुठेतरी ती आहे एवढं पुरायचं.

आमच्याच नव्या ऑफिसचा नकाशा सरांनी मला दिला. "कुणाला कुठे बसवायचं ते तुला बरोबर कळतं," म्हणाले. मी सगळ्यांना बसवलं. टाचणीला खिडकीशी, सरांना कोपऱ्यात, छपाईच्या मशीनला दाराबाहेर, कारण ते खोकतं. माझी स्वतःची खुर्चीही काढली. ती काढताना हात जरा थांबला. पूर्वेकडच्या कोपऱ्यात सरांनी काहीच ठेवलं नव्हतं. "ते नंतर बघू," म्हणाले होते. त्या रिकाम्या जागेवर मी माझा कप्पा ठेवून दिला. रिकामी होती म्हणून ठेवला. दुसरं काही मनात नव्हतं.

छापायचा दिवस उजाडला आणि टाचणी ओरडली तेव्हा मी जागेवर नव्हते. दुधाला घड्याळ लागत नाही. नकाशाची शेवटची रेघ ओढता ओढता छातीशी ओल जाणवली, मी ओढणी सावरली आणि जिना उतरले. भगदाडातून जाताना मला फक्त मुंगीचं रडणं ऐकू येत होतं, इतक्या लांबून, खरंतर येणं शक्यच नव्हतं. मागे माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्या लेअर उघड्या होत्या. आणि मला सवयच अशी, की मनातलंही काढायचं तर मापं घालून काढायचं. सरांनी कागदांवर सही केली. चष्मा सापडत नव्हता. "तिने काढलंय ना? मग बघायला नको," म्हणाले, असं टाचणीने नंतर सांगितलं.

काम पूर्ण होत आल्यावर आम्ही सगळे नवी जागा बघायला गेलो. शहराच्या मध्यात मी फारशी कधी आलेच नव्हते. रस्ता बारीक आणि वर बघावं तर काच, काचेत दुसरी काच, त्या काचेत ढग. ढग एका टॉवरमधून निघून दुसऱ्यात शिरायचा आणि तिसऱ्यातून बाहेर पडायचा, जणू त्याचंही ऑफिस हलत होतं. लिफ्टने वर नेलं तेव्हा कानात बुडबुडे फुटल्यासारखं झालं. दार उघडलं आणि मी माझ्याच नकाशात पाऊल ठेवलं. जे बोटाएवढं होतं ते माणसाएवढं झालं होतं. सगळे आपापल्या खुर्चीच्या जागी जाऊन उभे राहिले. खुर्च्या अजून आल्या नव्हत्या, तरी प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती.

मी चालत पूर्वेच्या कोपऱ्याकडे गेले. तिथे एक दार होतं.

डाव्या हाताला उघडलं. आत खिडकी, खिडकीखाली कट्टा. कट्ट्याशेजारी कोनाडा. उजवीकडे कपाटापुरती रिकामी जागा सोडलेली. खिडकीतून ऊन आलं होतं आणि बरोबर तिथे पडलं होतं, जिथे घरी पडतं. ओल्या रंगाचा वास नसता तर मी पाय धुवायला वळले असते. मी वर बघितलं. छताच्या मधोमध हूक.

मी हळूच कट्ट्यावर बसले. उंची तीच. अंगठा आपोआप मुठीबाहेर आला, कुणीतरी धरावा म्हणून.

"ताई, बरं झालं भेटलात," मिस्त्री दारात येऊन म्हणाले. डोक्यावर पांढरी धूळ, कानावर पेन्सिल. "या हुकाला वजन काय येणार ते विचारायला किती फोन केले. तुम्ही काही उचलला नाही. म्हटलं, असू दे, झुंबर असेल. म्हणून पार स्लॅबमध्ये घातलाय. तुम्ही स्वतः लटकलात तरी निघायचा नाही."

त्यांच्यामागून सर आले. सरांमागून बाकीचे.

"ही खोली कसली?" सरांनी विचारलं.

मग टाचणी म्हणाली, "फोनवर बोलायची असेल, सर. हल्ली सगळीकडे असते."

"आणि हूक? फोन टांगायला?"

मी उभी राहिले. "माझा चोरकप्पा आहे, सर. मिटायचा राहिला. त्या दिवशी मी घरी गेले होते."

सरांनी खिशात चष्मा शोधला, सापडला, लावला आणि खोली पुन्हा पहिल्यापासून बघितली. कट्टा. कोनाडा. हूक. "काय टांगायचं होतं तुला?"

"पाळणा."

मागे कुणाला तरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. सर हसले नाहीत. "इथे फरशीच्या, लाकडाच्या नमुन्यांचे रॅक यायचेत. मी मागवलेत. मिस्त्री, सामान आलं की ही पाडा."

"पाडतो की," मिस्त्री म्हणाले, "पण ज्याने बांधली त्यालाच पाडायला लावता, हे काही बरं नाही."

"सर," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा. "मी तसंही इकडे येणार नाहीये. शिफ्टिंग झालं की सोडतेय. मुलगी लहान आहे. दुपारी तिला माझ्याशिवाय चालत नाही."

टाचणी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिच्या तळ्यात दगड टाकला.

सरांनी एकदा वर हुकाकडे बघितलं. मग म्हणाले, "शिफ्टिंगपर्यंत तरी थांब. कोणती खुर्ची कुठे, ते तुलाच माहीत आहे."

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. सांगताना हसायला आलं आणि हसता हसता डोळे भरले. त्या मुंगीची दुपटी घड्या करत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "हूक लावलाय म्हणालीस?"

"हो."

"कशात? नुसत्या वरच्या सीलिंगमध्ये असेल. ते काय, कागद."

"नाही, स्लॅबमध्ये. झुंबर समजून."

त्यांनी आणखी एक दुपटं घडी केलं. मग ते पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी केली.

"तुझा नवरा झाला तेव्हा मी तिथेच होते कामाला," त्या म्हणाल्या. "मध्यात. टेलिफोनच्या बोर्डावर. तुला कधी सांगितलं नाही का गं?"

कधीच सांगितलं नव्हतं.

"दुपारी माझी आई त्याला घेऊन यायची. मागच्या जिन्यात बसून पाजायचे मी. बोर्डावर तेवढ्यापुरती मैत्रीण बसायची. मग ऑफिस गेलं शहराबाहेर. तेव्हा इकडे धड रस्तासुद्धा नव्हता. मी साहेबांना विचारलं, बाळाचं कसं करू? ते म्हणाले, बघा बाई, जमेल तसं." त्या हसल्या. "जमलं नाही. आणि गंमत बघ, लग्न होऊन तू आलीस, तर हे घर घेतलं कुठे? त्याच कडेला. मी येऊन पोचले, तर ऑफिस परत निघालं."

मुंगी झोपेत ओठ हलवत होती. सासूबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला.

"किती छान बोलायचे मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "'नमस्कार, कोणाशी जोडून देऊ?' लोक काम नसताना फोन करायचे."

शिफ्टिंगच्या दिवशी मी चौदाव्या मजल्यावर उभी राहून माणसांना दिशा देत होते. खुर्च्या आल्या, चाकं वर करून आलेल्या, आणि एकेक सुलटी होऊन आपल्या जागी गेली. रॅक आले. ते पूर्वेच्या कोपऱ्यात मावत नव्हते, खोली होती ना मध्ये, म्हणून पॅसेजमध्ये उभे करून ठेवले. दुपार झाली. त्या दिवसापुरतं मी घरी सांगून आले होते की कशीतरी एक दुपार काढा. ओढणीखाली ओल पसरली आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. खाली शहर एवढंएवढंसं होतं. कुठल्या तरी गल्लीत एक भगदाड असेल, एक दार असेल. इथून ते काढायचं तर टोकदार पेन्सिल लागली असती.

लिफ्टचं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. कडेवर मुंगी, खांद्याला पिशवी, पिशवीतून पाळण्याची झोळी बाहेर आलेली.

"आई! तुम्ही? कशा आलात?"

"बसने. बसला चाकं असतात, बाई." त्या आधीच इकडेतिकडे बघत होत्या. "तू गप्प बस. मी कुणाला विचारायला आलेली नाही. हूक बघायला आलेय."

त्यांनी डावीकडे दार उघडलं, जणू रोजचंच. मुंगी रडून रडून लाल झाली होती. मी कट्ट्यावर बसले. तिने एकदा खोलीकडे बघितलं, खिडकीकडे, कोनाड्याकडे, आणि तिला काहीच वेगळं वाटलं नाही. माझा अंगठा धरला. बाहेर फर्निचर सरकत होतं, कुणी कुणाला हाका मारत होतं, आणि ते सगळं बारीक होत होत गेलं, चौदा मजले खाली, पार ढगांच्या खाली. सासूबाईंनी स्टुलावर चढून झोळी बांधली. गाठ मारून दोन्ही हातांनी लोंबून बघितलं. "आहे खरा भक्कम."

मुंगी झोपली. मी तिला झोळीत ठेवलं आणि दार लोटून बाहेर आले, तर समोर मिस्त्री, हातात हातोडा.

"आज पाडायची आहे ना, ताई? रॅक वाट बघतायत."

मी दार जरासं उघडलं. त्यांनी आत डोकावलं. झोळी हलत होती. कट्ट्यावर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांनी मिस्त्रींकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मिस्त्रींनी हातोडा हळूच खाली ठेवला, अंडं ठेवावं तसा. "झोपलेलं बाळ उठवायचं काम माझ्या कंत्राटात नाही," ते कुजबुजले.

"पाडलं का?" पलीकडून सरांचा आवाज.

"श्शू!" मिस्त्री म्हणाले. सरांना कोणी श्शू केल्याचं मी तरी प्रथमच ऐकलं.

सर आले, बघितलं, आणि तेही कुजबुजायला लागले. "उठली की पाडा."

पण ती उठली तेव्हा मिस्त्री जेवायला गेले होते. सामान लावायचं राहिलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशीही मी गेले आणि दुपारी सासूबाई मुंगीला घेऊन आल्या. मिस्त्री सकाळी आले तर त्यांच्याकडे पहारच नव्हती आणि दुपारी आले तर मुंगी झोपलेली. आम्हाला तर अजून दोनच दिवस झाले होते, तरी ऑफिसात सगळे हळू बोलायला शिकले. पायांचे आवाज गेले. खोकणाऱ्या मशीनवर टाचणीने स्वतःची शाल टाकली. काचेबाहेरून ढग जायचे आणि आत माणसं ओठ हलवून काहीतरी सांगायची, पाण्याखाली बोलावं तशी.

तिसऱ्या दिवशी मात्र सरांनी मनावर घेतलं. एका बड्या कंपनीची मंडळी जागा बघायला यायची होती आणि पॅसेजमध्ये रॅकमुळे कोणालाही अंग चोरून जावं लागत होतं. "आज काहीही झालं तरी," ते म्हणाले आणि स्वतः मिस्त्रींना घेऊन दारापर्यंत आले. मी उभी राहिले. आता सांगायचं, म्हणून. आई, झोळी सोडा, निघू या.

तेवढ्यात दाराजवळच्या टेबलावरचा फोन वाजला. तिथे बसणारी मुलगी अजून रुजू व्हायची होती, त्यामुळे तो वाजत राहायचा आणि मग कोणीतरी धावत जाऊन उचलायचं. आता मुंगी आत झोपलेली. दुसरी घंटा व्हायच्या आत सासूबाई माझ्या बाजूने गेल्या. त्यांच्या त्या वयात त्या इतक्या भरभर चालू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन उचलला, पाठ सरळ झाली, आणि त्यांच्या तोंडातून कुणी दुसरीच बाई बोलली, तरुण, निवांत, मधाळ.

"नमस्कार. कोणाशी जोडून देऊ?"

सगळे थांबले. पलीकडचा माणूसही थांबला असावा. मग त्या म्हणाल्या, "हो, आहेत ना. एक क्षण हं," आणि हात फोनवर ठेवून सरांकडे वळल्या. "तुमची ती मंडळी आहेत. खाली आलीत. कुठला मजला विचारतायत. वर पाठवू, की आधी काही पाडायचंय तुम्हाला?"

सर फोनकडे बघत होते, मग दाराकडे, मग मिस्त्रींच्या हातोड्याकडे. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "रॅक पॅसेजमध्ये भिंतीला लावले तर बसतात का बघ."

"पॅसेज अरुंद होईल, सर."

"होऊ दे. लोक जरा अंग चोरून चालतील. आणि हे बघ," त्यांनी चष्मा काढला आणि लगेच कुठेतरी ठेवला, म्हणजे आता तो संध्याकाळपर्यंत सापडणार नव्हता, "जागा जशी बांधलीय तसा नकाशा करून ठेव. जे आहे ते सगळं त्यात यायला हवं."

इमारत पुरी झाली की असा एक शेवटचा नकाशा काढावा लागतो. ठरवलेलं नव्हे, प्रत्यक्ष उभं राहिलेलं. मी माझ्या खुर्चीवर बसले. ती मी काढली होती तिथेच होती. चोरकप्पा उघडला आणि खोली उचलून भिंतींच्या लेअरवर नेऊन ठेवली. खिडकी, कट्टा, कोनाडा, डावीकडे उघडणारं दार, हूक. आमच्यात प्रत्येक खोलीला नाव द्यावंच लागतं. मी विचार केला आणि लिहिलं, "दुपारची खोली."

मागे पाळणा हलत होता. सासूबाई मुंगीला थोपटून येऊन माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

"हे काय गं? तुझा कप्पा तर रिकामा झाला."

"हो ना."

"मग मला दे."

मी वळून बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, पण पडद्याकडेच बघत होत्या असंही नाही.

"एक टेबल काढ," त्या म्हणाल्या. "लांब. त्याच्यावर बोर्ड. वायरी नको काढूस, त्या माझ्या लक्षात आहेत. खुर्ची अशी समोर. अगं, इतकी चिकटून नको, पाय लांब करायला जागा ठेव. आणि खिडकी उजवीकडे होती. तिथून समोरचं घड्याळ दिसायचं."

मी खिडकी उजवीकडे नेली.

"अजून थोडी," त्या म्हणाल्या. "हां. तिथेच."

टाचणी उठून उभी राहिली. मुंगी झोपलेली होती म्हणून ती ओरडली नाही, हात तोंडाशी धरून सगळ्यांना नुसतं कुजबुजून सांगितलं, "चोरकप्पे मिटा."

आजूबाजूला तळी मिटली, बागा मिटल्या. मी माऊसवर हात ठेवला आणि सासूबाईंकडे बघितलं. त्या अजून खुर्ची नीट मावते का तेच बघत होत्या.

"थांब जरा," त्या टाचणीला म्हणाल्या, "आम्ही अजून बसतोय."